सरवदे बाईंचा ओढा

कुठल्याही शाळकरी मुलीला ‘मनाने चित्र काढ’ म्हटलं, की ती आधी दोन त्रिकोणी डोंगर काढते. डोंगरांच्या मधे अर्धा सूर्य, त्याच्या खालून वळणं घेत येणारी निळी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. याला देखावा म्हणतात. आमच्या सोलापूरच्या शाळेत हा देखावा वर्षानुवर्षं निघत होता. सुनंदा सरवदे चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो बंद केला.

मी शेजारच्या वर्गावर गणित घेत होते. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं.

“हा डोंगर तू कुठं बघितलास?” बाईंनी कुणाला तरी विचारलं.

मुलगी गप्प.

“बघितलास का पण?”

“हो बाई.”

“कुठं?”

“कॅलेंडरवर.”

“मग कॅलेंडर काढ की. ते ज्या खिळ्याला लावलंय तो खिळा काढ. मागच्या भिंतीला ओल आली असेल, ती काढ. डोंगर कशाला?”

माझा वर्ग हसला. तिकडे कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर सहावीच्या सगळ्या मुली मैदानात पाण्याच्या टाकीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. हातात पेन्सिल नाही, कागद नाही. नुसत्या टाकीकडे बघत होत्या, आणि बाई मागे उभ्या राहून त्याही टाकीकडेच बघत होत्या. त्या तासाला कुणीच काही काढलं नाही. मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “आज बघायचा तास होता. काढायचा उद्या.”

पहिले काही दिवस मुली रडकुंडीला आल्या. ‘मग काढायचं काय’ हा सगळ्यांचा प्रश्न. पद्मा नावाची एक तेलुगू घरातली मुलगी होती, तिची आई घरी विड्या वळायची. तिने मांडीवर सूप घेऊन बसलेली आई काढली आणि ते चित्र दप्तरात लपवून ठेवलं. बाईंनी ते कसं पाहिलं कोण जाणे. त्यांनी ते स्टाफरूममध्ये आणलं, टेबलावर ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, “अंगठा बघा.” चित्रातला चेहरा काही धड नव्हता, पण पान दाबून धरणारा अंगठा असा आला होता की आम्ही सगळ्या वाकून पाहत राहिलो. तो कागद फळ्याशेजारी लागला. आठवड्याभराने पद्माची आई, डोक्यावर पदर घेऊन, शाळेच्या दारात उभी. तिला मराठी बेताचंच यायचं. तिने चित्र पाहिलं, स्वतःचा अंगठा पाहिला आणि तशीच मागे फिरली. पद्मा म्हणाली, आईने त्या दिवशी घरी कुणालाच काही सांगितलं नाही, फक्त हात दोनदा धुतले.

बाई तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, सडसडीत, सावळ्या. अंगावर सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. साडीवर असे बूट घालणारी शाळेत दुसरी कुणी नव्हती. बाईंना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांना फिरायचं असे. सुटीच्या दिवशी, दुपारी, सोलापूरच्या उन्हात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, या बाई डोक्यावर ओला रुमाल टाकून घडीची खुर्ची घेऊन कुठंतरी बसलेल्या असायच्या. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीसमोर, मालधक्क्यावर, नाहीतर तळ्याच्या कडेला म्हशी बसतात तिथं. मी एकदा विचारलं, “सकाळी का नाही बसत?” तर म्हणाल्या, “सकाळी काय, सगळंच बरं दिसतं.”

त्या कधी कुणाला ‘छान’ म्हणत नसत. एखाद्या मुलीचं चित्र फार आवडलं तर म्हणत, “बघितलंस तू.” एवढं ऐकण्यासाठी मुली जीव टाकायच्या. पालकांना ते कळायचं नाही. तालुक्या-जिल्ह्याच्या स्पर्धांत आमच्या शाळेला बक्षीस मिळत नसे, कारण तिथं देखावेच जिंकायचे. बाई दरवर्षी मुलींना घेऊन जात, दरवर्षी रिकाम्या हातांनी परत येत आणि येताना सगळ्यांना रस पाजत.

रंगांच्या बाबतीत त्यांच्याशी बोलणं अवघड होतं. एकदा मी नवी साडी नेसून गेले. कुणीतरी म्हणालं, “पिवळा रंग शोभतोय तुम्हाला.” बाई खिडकीशी भाकरी आणि शेंगाचटणी खात होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पिवळा कुठाय? हळदीत राख पडली तर होतो तसाय तो.” मला जरा लागलं. पण घरी जाऊन उन्हात साडी धरली, तर खरंच राख होती.

हे त्यांच्या वडिलांकडून आलेलं. वडील गिरणीत रंगखात्यात होते. संध्याकाळी घरी यायचे ते कोपरापर्यंत रंगलेले. आई म्हणायची, हात धुवा, आणि ते म्हणायचे, धुतलेत. मग मुलांना समोर बसवून विचारायचे, आज कुठला रंग चालू होता सांगा. मुलं म्हणायची, लाल. “लाल कुठला? विटेचा, कुंकवाचा का डाळिंबाच्या दाण्याचा?” बाई सांगायच्या, “आमच्या घरात खेळणं म्हणून हेच होतं. गिरणी बंद पडली तेव्हा दादांचे हात पहिल्यांदा त्यांच्या मूळ रंगाचे दिसले. आम्हाला ते हात ओळखूच येईनात.” स्वतःबद्दल याहून जास्त त्या बोलत नसत. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होत्या, एवढंच सगळ्यांना माहीत.

शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचं तैलचित्र काढायचं ठरलं, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या शाळेला पाठ आहे. कार्यालयाने बाईंना फोटो दिला. बाईंनी तो परत केला आणि म्हणाल्या, “साहेबांना बसायला सांगा.” अध्यक्ष वयस्कर, तब्येतीने खचलेले, पण ते आले. दुपारच्या वेळी सभागृहात लाकडी खुर्चीत बसायचे आणि थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागायचा. बाईंनी त्यांना जागं केलं नाही. चित्र झालं तेव्हा त्यात एक थकलेला माणूस होता, गालांची कातडी सुटलेली, रंग उन्हाने करपलेला, पण हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. संस्थेचे लोक नाराज झाले. सचिव म्हणाले, “बाई, जरा उजळ करा. सुरकुत्या कमी करा. लोक काय म्हणतील?”

बाई म्हणाल्या, “उन्हात दारोदार फिरून त्यांनी वर्गणी जमवली म्हणून ही शाळा उभी आहे. त्यांना उजळ केलं तर कुणी बांधली म्हणून सांगायचं?”

वाद बराच चालला. शेवटी अध्यक्षच काठी टेकत चित्रासमोर आले. बराच वेळ पाहिलं. मग सचिवांना म्हणाले, “लावा. मी एवढा म्हातारा झालोय हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं.” ते चित्र अजून सभागृहात आहे.

हे सगळं मी जरा लांबूनच बघत होते. बाईंचं कौतुक वाटायचं, धाकही वाटायचा. जवळीक झाली ती माझ्या सासूबाई पडल्या तेव्हापासून.

सासूबाईंचं माहेर सोलापूरचं नव्हे. पार पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीतलं. त्या चौदा-पंधरा वर्षांच्या असताना तिथं धरण झालं, गाव पाण्यात गेलं आणि गावाला इकडे मोडनिंबच्या पलीकडे जमीन मिळाली. त्या वस्तीला अजून सगळे ‘पुनर्वसन’च म्हणतात. उघडं माळरान, उन्हाळ्यात टँकर. सासूबाई इथंच लग्न होऊन आल्या, आयुष्यभर माहेराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हातारपणी बाथरूममध्ये पाय घसरला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. पलंगावरून समोरची भिंत दिसायची, तेवढीच.

एक दिवस मी वेणी घालत असताना त्या म्हणाल्या, “मंगल, आमचा वढा पुन्यांदा दिसंल का गं मला?”

मला आधी कळलंच नाही. “कुठला ओढा?”

“आमच्या गावचा. डोंगरातला.”

माझा नवरा प्रकाश आईसाठी काहीही करायला तयार असे. त्याने मोबाईलवर धबधबे दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “इवलुसं हाय. आन् ह्यो आपला न्हाय.” मग त्याने बाजारातून एक विजेवर चालणारी फ्रेम आणली. बटण दाबलं की पाणी वाहिल्यासारखं दिसायचं आणि पक्षी ओरडायचे. सासूबाईंनी दोन मिनिटं सोसलं आणि म्हणाल्या, “बंद कर बाबा ते. डोस्कं फिरतंय.”

म्हणून मी शाळेत सरवदे बाईंना विचारलं. डोंगरातला एक ओढा काढून द्याल का?

बाई म्हणाल्या, “मी बघितलेला नाही.”

“कधीच नाही?”

“एकदा गाडीतून बघितला. ते बघणं नव्हे.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण तुझ्या सासूबाईंना भेटते मी.”

रविवारी त्या घरी आल्या. सासूबाईंनी उशीला टेकून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बुटांवर जरा जास्त वेळ.

“आडनाव काय म्हनला?”

“सरवदे.”

“म्हंजे?”

“बौद्ध आहोत आम्ही.”

मी चहा घेऊन दारातच थांबले. सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या, आणि या बाबतीत त्या कशा होत्या ते मला ठाऊक होतं. त्या क्षणभर भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बसा की, मास्तरीनबाई. उभ्या का?”

बाई पलंगाशेजारी बसल्या आणि विचारायला लागल्या. पाणी कुठल्या अंगाने यायचं, ऊन कधी पडायचं, दगड काळे होते का तांबडे, शेवाळ कुठपर्यंत. सासूबाईंना आधी सुचेना, मग एकदा सुचायला लागलं तसं त्या थांबेनात. मी सून म्हणून त्या घरात वीस-बावीस वर्षं काढली होती, पण त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“वर डोह व्हता. गार पानी, दात वाजायचे. काठाला जांभळ. तितं आमचा पानवठा. घागरी भरायच्या, धुनी धुवायची, समदं तितंच. आन् तितनं पानी खाली उडी घ्यायचं. खाली गेलं की...” त्या अडखळल्या.

बाईंनी वाट पाहिली.

“खाली गेलं की दुसरा पानवठा व्हता,” सासूबाई म्हणाल्या.

“आमचा,” बाई म्हणाल्या. “सांगा की मावशी. माहीत आहे मला.”

सासूबाई पांघरुणाची कड चिमटीत धरून बसल्या होत्या. “व्हय. तुमच्यातल्यांचा. त्यास्नी वर येऊ देत नव्हते. आमी धुनी धुतल्यालं पानी खाली जायचं.”

“तुम्ही कधी खाली गेला होता?”

“न्हाय. आमाला कोन आडवनार व्हतं? पर कधी गेलो न्हाय.”

“मग तिथून कसं दिसतं ते तुम्हाला नाही सांगता यायचं.”

“न्हाय यायचं.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. “वरचं सांगा. जांभळीचं सांगत होता.” आणि त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी निघालो. एसटीने कऱ्हाड, तिथं गाडी बदलून पुढं घाटाच्या पायथ्याला, मग जीप. सासूबाईंचं गाव पाण्यात गेलं असलं तरी त्याची वरची वाडी राहिली होती, आणि तिथं त्यांच्या चुलतभावाचं घर होतं. उतरायची सोय झाली. सकाळी त्यांची सून आम्हाला ओढ्यावर सोडून गेली.

मला वाटलं होतं, बाई बघतील आणि हरखून जातील. बाईंनी बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि डोहाच्या काठावर बसून राहिल्या. दिवसभर. मधे एकदा म्हणाल्या, “मला वाटलं होतं, आवाज एक असेल. इथं तर पुष्कळ आहेत.” दुसऱ्या दिवशी त्यांनी डोहाच्या काठी बोर्ड मांडला, कोळशाने रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. दुपारी सगळं पुसून उठल्या.

“काय झालं?”

“इथून होत नाहीये.”

त्यांनी खुर्ची बगलेत मारली आणि दगड धरत धरत खाली उतरायला लागल्या. मी रंगांची पेटी घेऊन मागून. खाली पाणी उडी घेऊन एका सपाट जागी पसरलं होतं आणि तिथून हातभर अंतरावर धरणाचं पाणी येऊन थांबलं होतं. अजून थोडं चढलं असतं तर ही जागाही बुडाली असती. एक मोठा सपाट दगड होता, वापरून गुळगुळीत झालेला. बाईंनी त्या दगडाला हात लावून पाहिला. मग धरणाच्या पाण्याकडे पाठ केली, वर तोंड करून बसल्या आणि लगेच कामाला लागल्या.

तिथं ऊन दुपारीच यायचं आणि लवकर डोंगराआड जायचं. तेवढ्या वेळात बाई बोलायच्या नाहीत, पाणी प्यायच्या नाहीत. ऊन गेलं की बोलायच्या. मला म्हणाल्या, “पाणी काढायचं नसतं, मंगल. दगड काढायचे. ओले दगड नीट आले की पाणी आपोआप येतं.” चित्रात निळा रंग जवळजवळ नव्हताच. तपकिरी होता, शेवाळी होता, ओल्या कातळाचा काळा होता आणि पाणी फुटतं तिथं, एका ठिकाणी, पांढरा.

निघायच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, “थांब जरा.” वर चढून डोहापाशी गेल्या. पदर खोचला, वाकल्या, ओंजळीने पाणी प्यायल्या. पुन्हा एकदा प्यायल्या. मग बाटली भरून घेतली. खाली आल्या तेव्हा हनुवटी ओली होती. “गार आहे,” एवढंच म्हणाल्या. परतीच्या गाडीत आम्ही दोघी तेच पाणी प्यायलो.

घरी आल्यावर त्यांनी चित्रावर आणखी बरेच दिवस काम केलं. एक दिवस संध्याकाळी जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आल्या. प्रकाशने ती पक्ष्यांची फ्रेम आधीच काढून ठेवली होती. चित्र भिंतीला लावलं.

प्रकाश आधी बोलला. “फारच हुबेहूब आहे. पण बाई, ती प्लॅस्टिकची पिशवी कशाला काढलीत?” डावीकडे एका मुळाला फाटकी पिशवी अडकलेली होती.

“होती तिथं,” बाई म्हणाल्या.

सासूबाई बघत होत्या. “जांभळ कुटं हाय?”

“झाड नाही आता. पडलं असेल, नाहीतर तोडलं.”

“घाला की एक. तुमाला काय अवघड.”

“नाही घालणार मावशी. मी बघितली नाही ती.”

प्रकाशला राग आला. आई आजारी, तिची एवढी इच्छा, एक झाड काढायला काय जातं. तो काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या अजून चित्राकडेच बघत होत्या.

“तुमी खाली बसला व्हता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“खालच्या पानवठ्यावर.”

“हो.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी मी हलले नाही.

“आमी वरून बगायचो,” सासूबाई हळूहळू म्हणाल्या, “तवा पानी जाताना दिसायचं. हितनं येताना दिसतंय.” मग बऱ्याच वेळाने, “असं दिसायचं व्हय त्यास्नी. आमचंच धुनं अंगावर येत असल बाई त्येंच्या.”

बाईंनी मान हलवली नाही, समजूतही घातली नाही. थोडा वेळ बसल्या आणि निघताना सासूबाईंच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. किती वेळ धरला ते मी पाहिलं नाही, कारण मी कुकर बंद करायला आत गेले.

त्यानंतर जो कुणी भेटायला येई त्याला सासूबाई चित्र दाखवायच्या. बोटाने हवेत एक जागा दाखवून म्हणायच्या, “हितं जांभळ व्हती. मास्तरीनबाईनं काढली न्हाय. खोटं काढत न्हाय ती.” यात तक्रार किती आणि अभिमान किती, ते सांगता येत नाही. बाई महिन्यातून एखादा रविवार येत. दोघी फारशा बोलत नसत. एक पलंगावर, एक खुर्चीत, आणि समोर ओढा.

उन्हाळा लागता लागता सासूबाई गेल्या.

तेराव्याला पुनर्वसनातली माणसं टेम्पो करून आली. बहुतेक म्हातारी. प्रकाशचे मामा आले, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्याबरोबर भिकाजी नावाचे एक गृहस्थ होते, पांढरा सदरा, हातात काठी. ते खालच्या वस्तीतले. गाव उठलं तेव्हा त्यांची घरंही इकडेच आली होती. सरवदे बाई स्वयंपाकघरात मला मदत करत होत्या.

माणसं आत आली आणि चित्रासमोर थांबली. जेवणाची पानं वाढून झाली तरी कुणी हलेना. वाट कुठून होती यावरून दोन म्हातारे वाद घालू लागले. एक बाई म्हणाली, पाणी एवढंसं नव्हतं. भिकाजी मागे उभे होते. लोकांनी त्यांना पुढं जायला वाट दिली. ते अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला.

“ह्यो दगड,” ते म्हणाले. चित्रात अगदी खाली, समोर, तो सपाट दगड होता. “ह्या दगडावर माझी आय घागर ठेवायची. मी हितं बसायचो.” त्यांनी बोट चित्राला लावलं नाही, थोडं अलीकडेच धरलं. “कुनी काढलंय?”

मी बाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. भिकाजींनी त्यांना आडनाव विचारलं, बाईंनी सांगितलं. ते त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हात जोडले. बाई गडबडल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनीही हात जोडले, आणि दोघं नुसती उभी राहिली.

जेवणं झाल्यावर मामा प्रकाशला म्हणाले, “प्रकाश, एक मागू का? आमच्या पोरांनी गाव बघितलंच न्हाय. त्यास्नी सांगितलं तर हसत्यात. हे चित्र आमाला देतोस का?”

प्रकाशला ते जड गेलं. आईची शेवटची गोष्ट होती ती. त्याने बाईंकडे पाहिलं.

“मला काय विचारता?” बाई म्हणाल्या. “तुमचं आहे.”

प्रकाश उठला आणि त्याने स्वतः चित्र खिळ्यावरून उतरवलं.

कुठं लावायचं यावर बोलणं निघालं. कुणीतरी म्हणालं, देवळात लावू. भिकाजी काठीकडे बघत राहिले. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “देवळात नगं. शाळेत लावू. तितं समदी पोरं येत्यात.”

“व्हय,” भिकाजी म्हणाले. “शाळेत बरं.”

टेम्पोत चित्र उभं ठेवलं. दोन्ही बाजूंनी म्हाताऱ्यांनी धरलं. बाई रस्त्यावर आल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, “खड्ड्यात हळू चालव. आणि भिंतीवर ऊन येतं तिथं लावायला देऊ नको.” ड्रायव्हर हो हो म्हणाला. टेम्पो सुरू झाला तेव्हा ऊन बरोबर चित्रावर येत होतं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याचं एक टोक भिकाजींकडे दिलं. दोघांनी तो चित्रावर ताणून धरला.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी बाई तिथंच उभ्या होत्या, एक डोळा बारीक करून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चल, आपलं जेवायचं राहिलंय. भूक लागली मला.”